शब्दचर्चा : ‘ॲस्फाल्ट कंटेंट गेज’ला मराठीत काय म्हणावं?

जळगावहून, प्रश्न :

रस्त्याच्या कामावर नव्याने लागणाऱ्या मुलांसाठी चाचण्यांची मराठी पुस्तिका लिहिते आहे. मुलं चोपडा, शिरपूर, शहाद्याकडची. काम चटकन समजतं, इंग्रजी माहितीपत्रक मात्र नकोसं होतं. ‘ॲस्फाल्ट कंटेंट गेज’ या नावापाशी गाडी अडली आहे. हॉट मिक्स प्लांटवर (खडी आणि डांबर तापवून मिसळतात तिथे) तयार मालाचा नमुना या यंत्रात ठेवला की त्यात डांबर किती टक्के, ते काही मिनिटांत कळतं. ‘ॲस्फाल्ट गेज’ असंच ठेवावं की ‘डांबरांशमापी’ करावं?

धुळ्याहून :

ताई, ‘ॲस्फाल्ट’ आधी काढून टाका. अमेरिकेत ॲस्फाल्ट म्हणजे नुसता चिकट काळा पदार्थ, ज्याला आपले इंजिनिअर बिटुमेन म्हणतात. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत मात्र ॲस्फाल्ट म्हणजे खडी, कच, फिलर (बारीक दगडी भुकटी) आणि बिटुमेन एकत्र करून झालेला तयार माल. तुमचं माहितीपत्रक अमेरिकन वळणाचं दिसतंय. ‘मिश्रणातील ॲस्फाल्टचे प्रमाण’ असं लिहिलंत तर आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मालातलं मालाचं प्रमाण’ असा होईल.

‘डांबर’ शब्दातही गुंता आहे. दगडी कोळशापासून कोक करताना निघतं ते कोलटार आणि कच्चं तेल शुद्ध करताना तळाशी उरतं ते बिटुमेन, दोन्हींना मराठीत डांबरच म्हणतात. कपाटातल्या ‘डांबराच्या गोळ्या’ नॅप्थलीनच्या, आणि नॅप्थलीन कोलटारमधून काढतात. म्हणजे त्या नावातलं डांबर वेगळं. रस्त्यावर पडतं ते बिटुमेन, भारतीय मानक 73 मधल्या व्हीजी-10 ते व्हीजी-40 या प्रतींचं. चलनावर बिटुमेन, बोलण्यात डांबर. पहिल्याच पानावर ‘या पुस्तिकेत डांबर म्हणजे बिटुमेन’ असं एक वाक्य टाका आणि पुढे खुशाल डांबर लिहा.

‘गेज’ही नको. पत्रा अमुक गेजचा, पाचोरा-जामनेरची नॅरोगेज... मराठी कानाला गेज म्हणजे जाडी किंवा रुंदी. ‘डांबर गेज’ म्हटलं तर थराची जाडी मोजायचं साधन वाटेल. शिवाय साइटवर आणखी एक ‘न्यूक्लिअर गेज’ असतं, रोलर फिरलेल्या थरावर ठेवून घनता मोजणारं. दोन्ही किरणोत्सारी, पण कामं निराळी. म्हणून नाव कामावरून द्यावं : एक ‘घनतामापी’, दुसरं ‘डांबरमापी’. ‘डांबरांश’मधला अंश चूक नाही, पण त्याच पुस्तिकेत ‘माल 150 अंशांवर’ असंही येणार. एका पानावर दोन अर्थांचे अंश नकोत.

नावाइतकंच खालचं वर्णन महत्त्वाचं, कारण हे यंत्र डांबर थेट मोजत नाही. ते हायड्रोजन मोजतं. आत अमेरिशियम-बेरिलियमचा स्रोत असतो, त्यातून वेगवान न्यूट्रॉन निघतात. हायड्रोजनच्या अणूवर आदळले की ते मंदावतात आणि यंत्र हे मंदावलेले न्यूट्रॉन मोजतं. डांबर हायड्रोकार्बन असल्याने डांबर जास्त तर आकडा जास्त. पण पाण्यातही हायड्रोजन आहेच, आणि वजनाच्या हिशेबात पाण्यातला नि डांबरातला हायड्रोजन जवळजवळ सारखाच भरतो. खडीत अर्धा टक्का ओल राहिली तर यंत्र साधारण अर्धा टक्का डांबर जास्त दाखवतं. आता बिटुमिनस काँक्रीटमध्ये (रस्त्याच्या वरच्या थराच्या डांबरी मिश्रणात) ठरल्या डांबरापेक्षा 0.3 टक्के इकडेतिकडे एवढीच सूट असते! पावसात भिजलेल्या ढिगाची खडी नीट सुकली नाही तर कमी डांबराचा माल आकड्यात पास होऊन जाईल. म्हणून ओल वेगळी काढून वजा करायची. खदान बदलली, प्रत बदलली की यंत्र त्या मालासाठी पुन्हा कॅलिब्रेट करायचं, म्हणजे डांबर माहीत असलेल्या नमुन्यांवर त्याचा आकडा जुळवून घ्यायचा. हे दोन नियम ठळक टाइपात घ्या, माझी कळकळीची विनंती आहे.

आणि यंत्रावरचं किरणोत्साराचं चिन्ह मुलांना दाखवून समजावा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय असं यंत्र बाळगता येत नाही, ‘जरा उचलून ठेव रे’ म्हणायची ही वस्तू नव्हे.

नंदुरबारहून :

आमच्याकडे सर्रास ‘डामर’ म्हणतात. पलीकडे गुजरातीतही डामरच, हिंदीतही तेच. पुस्तिकेत प्रमाण शब्द डांबर असू द्या, पण एकदा तरी ‘डांबर (डामर)’ असं छापा. दोषांची नावं मात्र मजुरांच्या तोंडचीच घ्या. डांबर जास्त झालं की उन्हाळ्यात रस्ता ‘पाघळतो’, कमी पडलं की ‘खडी सुटते’. पंचेचाळीसच्या उन्हात पाघळलेला रस्ता पाहिलेल्या मुलाला ‘उत्स्रवण’ कशाला शिकवायचं?

जळगावहून :

‘डांबरमापी’ पक्कं. पाघळणं आणि खडी सुटणंही घेते. भाऊ, एक शंका राहिली. ‘डांबर 5.4 टक्के’ म्हणजे कशाच्या 5.4 टक्के? जुन्या टिपणात ‘खडीच्या वजनाच्या’ असं आहे, नव्यात काहीच नाही.

धुळ्याहून :

हा प्रश्न नावापेक्षा मोठा आहे, बरं झालं विचारलंत. आता प्रमाण सांगतात ते एकूण मिश्रणाच्या वजनावर. 100 किलो मालात 5.4 किलो डांबर आणि 94.6 किलो खडी-कच-फिलर. तेच डांबर नुसत्या खडीच्या वजनावर काढलं तर 5.7 टक्के येतं. माल एकच, आकडे दोन, आणि फरक नेमका त्या 0.3 च्या सुटीएवढा. एकाने खडीवर काढला, दुसऱ्याने मिश्रणावर, तर प्लांट आणि लॅब दोघंही आपापल्या जागी बरोबर असून वाद पेटेल. त्यामुळे नुसतं ‘डांबराचे प्रमाण’ कुठेही लिहू नका. तक्त्याच्या डोक्यावर ‘डांबर, मिश्रणाच्या एकूण वजनाच्या टक्के’ असं पूर्ण लिहा. सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात) डांबर धुऊन काढायच्या चाचणीच्या तक्त्यालाही हेच शब्द ठेवा, म्हणजे डांबरमापीचा आकडा त्याच्याशी सरळ ताडून पाहता येईल.