वाडीचे निर्णय कोणी घ्यावेत: राहणाऱ्यांनी की चाकरमान्यांनी?

खाजण:
दापोली तालुक्यात हर्णै ते केळशी या पट्ट्यातल्या एका वाडीत मी बाराही महिने राहतो. एकोणतीस उंबऱ्यांपैकी अकरा घरांतच रोज चूल पेटते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. आमच्याकडे हे आकडे दिवेलागणीला डोळ्यांना दिसतात. यंदा शिमग्याच्या बैठकीत मुंबई मंडळाने देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी ठरवली. आधी विहिरीचा गाळ काढावा, वैशाखात पाणी मचूळ होते, असे आम्ही सांगत होतो. परंतु आमचे हात मोजकेच वर झाले. ग्रामसभेचे सभासदत्व गावच्या मतदारयादीवरून ठरते, मग वाडीच्या पैशाचा निर्णय मुंबईत मतदान करणाऱ्यांनी का घ्यावा?

परळकर:
मी सहमत नाही. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली; तेव्हा आमच्या दारांना कुलुपेच असणार. तीच गणती गणपतीत केली असती, तर वाडीत उभे राहायला जागा मिळाली नसती. माझे वडील गिरणीत होते आणि १९८२ च्या संपापर्यंत त्यांची मनीऑर्डर एकही महिना चुकली नाही; वाडीतल्या कित्येक घरांवरची कौले अशाच पैशातून चढली आहेत. आम्ही गाव सोडले ते पोटासाठी, हौसेसाठी नव्हे. ज्या देवळापुढे आमची पालखी नाचते, त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार मतदारयादीवरून ठरू नये.

खाजण:
त्या मनीऑर्डरींवर आमचीही पिढी वाढली, हे मी कधीच विसरणार नाही. तरीही ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ वादळ आठवून पाहा. छपरे उडाली, माड आणि पोफळी आडव्या झाल्या, दिवसेंदिवस वीज नव्हती. पाणंदीतून वाट काढण्यासाठी ज्यांनी कोयत्या चालवल्या, त्यांतले निम्मे साठीच्या पुढचे होते. पत्र्यांसाठी मुंबईहून पैसे आले, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण पत्रे चढवायला माणसेच नव्हती.

कातळसडा:
आपण दोघेही वाडीची गणती अपुरी करत आहात. शेजारच्या आंब्याच्या बागेत एक नेपाळी कुटुंब राखणीला आहे. मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी भरेपर्यंत ते तिथेच असते आणि गेली काही वर्षे पावसाळ्यातही ते परत गेलेले नाही. शाळेचा पट सातचा, त्यात दोन मुले त्यांची आहेत. ती दोघे नसती, तर त्या शाळेची काळजी आपल्याला कधीच करावी लागली असती. त्यांची आई त्याच विहिरीवर पाणी भरते. राहणाऱ्यांनी निर्णय घ्यावा, हे तत्त्व खाजण यांना खरोखर मान्य असेल, तर तिला बैठकीचे आमंत्रण का जात नाही?

खाजण:
हा दोष आमचा आहे आणि मी तो मान्य करतो. तिला बोलावायला हवे होते.

परळकर:
त्या बाईंना बोलावण्यास माझा विरोध नाही. विहिरीचा विषय मी गणपतीतल्या बैठकीत स्वतः मांडीन. मात्र देवळाचे काम मागे ठेवावे, हे मला अजूनही पटत नाही. सागवानी खांबांना वाळवी लागली आहे आणि आणखी दोन पावसाळे ते टिकणार नाहीत.

खाजण:
खांबांची अवस्था मी रोज पाहतो, त्याबद्दल वाद नाही. पण गणपतीत विहीर काठोकाठ भरलेली असते, तेव्हा गाळाचा विषय कोणालाच पटणार नाही. बैठक मे महिन्यात घ्या. आपण सुट्टीला येता, तेव्हा आपल्या घरातली पिंपे आम्ही आदल्या दिवशीच भरून ठेवतो, म्हणून विहिरीचा तळ आपल्याला कधी दिसलेला नाही. यंदा आम्ही ती पिंपे भरून ठेवणार नाही. सकाळी कळशी घेऊन आमच्याबरोबर चला.