एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण केंद्र) वाढवतायत, तेही बागेच्या आरक्षणावर. हरकत कुठे घ्यायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण डीपी (शहराचा विकास आराखडा), आरक्षण (त्यात ठरावीक वापरासाठी राखलेली जागा) वगैरेचा अनुभव असलेल्यांनी प्लीज वाचा. शहराचं नाव मुद्दाम देत नाही.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून महापालिकेचा मैलापाण्याचा एसटीपी आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा तो होताच, त्यामुळे तो का बांधला असं माझं अजिबात म्हणणं नाही, आमच्याही घरचं पाणी तिथेच जातं आणि तो नसता तर सगळं तसंच नदीत गेलं असतं. पण आता क्षमता वाढवतायत आणि नवीन टाक्या ज्या प्लॉटवर येतायत तो डीपीत बगीचा आहे, फ्लॅट घेताना मी स्वतः भाग नकाशा काढून बघितला होता. गेल्या महिन्यात अचानक जेसीबी आला, पत्रे ठोकले आणि खोदाई सुरू.

आत्ताच काय हाल आहेत सांगते. संध्याकाळी वारा पडला की वास खाली बसतो, भर उन्हाळ्यात खिडक्या लावून स्वयंपाक. सासूबाईंची देवघरातली चांदीची निरांजनं घासून आठ दिवस होत नाहीत तोवर काळी ठिक्कर पडतात, त्यांना वाटलं सोनाराने फसवलं. मग एसीची कॉइल दुसऱ्यांदा लीक झाली तेव्हा मेकॅनिकच म्हणाला, ताई, नाल्याजवळच्या सगळ्या घरांत हेच, तो गॅस तांबं खातो. हायड्रोजन सल्फाइड. चांदी काळी करतो तोच. आणि रात्री ब्लोअरची (टाक्यांत हवा सोडणाऱ्या यंत्रांची) घरघर, निवासी भागात रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे म्हणतात, माझ्या मोबाईलवर बाल्कनीत त्याच्या बरंच वर दाखवतं.

तीन अर्ज दिले, पोच आहे. एकाचंही उत्तर नाही. आपले सरकार पोर्टलवर टाकलं तर "संबंधित विभागास कळविण्यात आले आहे" लिहून तक्रार बंद. इंजिनियर साहेब नीट बोलले, पण म्हणाले एसटीपीला पर्यावरणाची जनसुनावणी लागत नाही, आरक्षणाचं नगररचनाला विचारा. नगररचना म्हणतं ड्रेनेजला विचारा.

आम्हाला काम बंद पाडायचं नाहीये. टाक्या झाकून वास शोषणारी यंत्रणा बसवा, ब्लोअर बंदिस्त खोलीत घ्या आणि हे लेखी द्या, एवढंच. मुंबईत वरळी, धारावी, घाटकोपर धरून सात ठिकाणी मिळून २,४६४ एमएलडीची (दिवसाला दशलक्ष लिटर) नवीन केंद्रं होतायत, पुण्यात जायकाच्या (जपानच्या संस्थेच्या) कर्जातली ३९६ एमएलडीची, तिथे शेजारी राहणाऱ्या कोणी असं काही लिहून घेतलंय का? आणि बागेच्या जागेवर असं परस्पर बांधता येतं का हो?

प्रतिसाद:
ताई, आरक्षण बदलायचं तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ चं कलम ३७ लागतं. त्यात राजपत्रात सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, त्याला एक महिना असतो, मग शासनाची मंजुरी. ते म्हणतील बागेत अमुक इतका वापर चालतो, तर कोणत्या नियमाखाली ते लेखी घ्या. तोंडी भांडत बसू नका. माहिती अधिकारात फाइलचं अवलोकन मागा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर प्रथम अपील. फाइलमध्ये कलम ३७ ची सूचना, वर्क ऑर्डर, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र बघा आणि निविदेत वास नियंत्रणाचा आयटम आहे का तेही. बऱ्याचदा असतो आणि बसवताना गाळतात. तो असला तर तुमचं अर्धं काम झालं.

मी:
खूप खूप आभार दादा, निविदेचं डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज सोसायटीच्या नावाने करू का?

प्रतिसाद:
नको, स्वतःच्या नावाने करा. कायद्यात हक्क नागरिकाला दिलाय, संस्थेच्या नावावर बोट ठेवून परत पाठवतात. हरकतीचं पत्र मात्र सोसायटीच्या लेटरहेडवर, ठराव जोडून द्या. आणि एसी मेकॅनिकची बिलं जपून ठेवा, त्यावर "कॉइल गंजली" असं लिहून घेता आलं तर बघा.