दोन दाढांच्या मधली कीड : फ्लोराईडवालं सिमेंट पुन्हा भरावं का?

कोथरूडची आई
मुलगी सहा वर्षांची आहे. दुधाची शेवटची दाढ, खालची डावी. पुढच्या दाढेला टेकलेल्या बाजूनं किडली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी पांढरं सिमेंट भरून घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, यातून फ्लोराईड सुटत राहतं, पुन्हा कीड लागत नाही. दिवाळीत चकली खाताना कडेचा तुकडाच निघाला. आता दुसरे डॉक्टर स्टीलची टोपी बसवा म्हणतात. सासूबाई म्हणतात, दुधाचा दात, पडणारच आहे, कशाला खर्च. त्या फ्लोराईडचा खरंच उपयोग असतो का? आणि ते रोज पोटात जातं त्याचं काय?

वारजेकर बाबा
आमच्या मुलाच्या दाढेत हेच सिमेंट आहे, मधल्या खड्ड्यात. अजून शाबूत आहे. पूर्वी चांदी भरायचे, ती आता मुलांना का भरत नाहीत?

दातांची डॉक्टर, सिंहगड रस्ता
ताई, मी लहान मुलांचेच दात बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मुलीच्या दाढेत बहुधा ग्लास आयोनोमर आहे. विल्सन आणि केंट यांनी ते लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत 1970च्या सुमारास तयार केलं. काचेची पूड आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल एकत्र केलं की ते घट्ट होतं. फ्लोराईड त्या काचेतच असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत ते भरपूर सुटतं, मग झपाट्यानं कमी होतं आणि पुढे वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं येत राहतं. फ्लोराईडच्या पेस्टनं दात घासले की सिमेंट त्यातलं थोडं शोषून घेतं आणि नंतर सोडतं. म्हणजे ब्रश सुटला की सिमेंटचा हा गुणही आटतो.

पण "पुन्हा कीड लागत नाही" असं मी कुणालाच सांगत नाही. प्रयोगशाळेत फिलिंगच्या कडेचा दात टिकतो हे स्पष्ट दिसतं. तोंडातल्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या मते या सिमेंटचा खरा गुण वेगळाच आहे. ते दातातल्या कॅल्शियमला रासायनिक रीतीनं धरतं. दात खूप कोरावा लागत नाही, आणि लाळेनं भरलेल्या, रडणाऱ्या लहानग्याच्या तोंडातही काम होतं. कंपोझिटला, म्हणजे दाताच्या रंगाच्या प्लास्टिकसारख्या फिलिंगला, कोरडी जागा लागते, त्यात तडजोड चालत नाही. सिमेंट कागदाच्या पॅडवर प्लास्टिकच्या स्पॅट्युलानं कालवतात आणि चकाकतंय तोवरच दातात भरतात. चकाकी गेली की दाताला धरणारं मोकळं आम्ल संपलेलं असतं. तसं सिमेंट बसलेलं दिसतं, पण धरत नाही. भरल्यावर लगेच वर वार्निश किंवा व्हॅसलीन लावावं लागतं, कारण पहिल्या काही तासांत पाणी लागलं किंवा ते कोरडं पडलं तरी बिघडतं. त्या दिवशी कडक खायचं नाही, एवढं आईबाबांनी सांभाळायचं.

आता तुमचा तुकडा का निघाला? ग्लास आयोनोमर दाबाला बऱ्यापैकी टिकतं, पण वाकवणारा ताण त्याला सोसत नाही. वारजेकरांच्या मुलाच्या फिलिंगला चारही बाजूंनी दाताची भिंत आहे. तुमच्या मुलीच्या दाढेत एक भिंत सिमेंटचीच होती आणि नेमका तिथेच चावण्याचा जोर पडतो. तिथे पुन्हा साधं सिमेंट भरू नका. निळ्या लाइटनं घट्ट होणारा, रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) मिसळलेला प्रकार अधिक चिवट असतो आणि फ्लोराईडही सोडतो. किडलेला भाग लहान असेल तर तो चालेल. कंपोमर, म्हणजे कंपोझिटच्या जवळचा प्रकार, मात्र फारच कमी फ्लोराईड सोडतो.

किडलेला भाग मोठा असेल तर टोपीच. ती दाढ 10 ते 12 व्या वर्षी पडते. तोवर तिलाच चावायचंय, शिवाय खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागाही तिनेच राखायची आहे. सासूबाईंना एवढं जरूर सांगा. ठणका किंवा सूज नसेल तर काही वेळा हॉल पद्धतीनं टोपी बसवतात, इंजेक्शन नाही की मशीन नाही. आणि टोपीच्या आत चिकटवायला हेच ग्लास आयोनोमर असतं, त्यामुळे ते वाया गेलं असं समजू नका.

वारजेकर, दातात भरायच्या चांदीत पारा असतो. 2022 मध्ये मिनामाता करारात, म्हणजे पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, दुरुस्ती झाली. त्यानुसार दुधाच्या दातांत आणि 15 वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरला अगदी आवश्यक वाटल्याशिवाय ती भरायची नाही.

यवतमाळचा, सध्या हडपसर
आमच्या गावाकडे बोअरच्या पाण्यानं पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडलेत. त्यामुळे फ्लोराईड म्हटलं की धडकी भरते.

दातांची डॉक्टर, सिंहगड रस्ता
दादा, तुमची भीती खोटी नाही. ते फ्लोराईड पाण्यातून, दात हाडात घडत असताना, वर्षानुवर्षं पोटात गेलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. फिलिंगमधून दिवसाला सुटतं ते मायक्रोग्रॅममध्ये. वाटाण्याएवढ्या, 1000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 1000 भाग फ्लोराईड) पेस्टमध्ये सुमारे पाव मिलिग्रॅम असतं, तेही मूल थुंकून टाकतं. गावाकडे मात्र बोअरचं पाणी तपासून घ्याच.

कोथरूडची आई
टोपीच बसवते, मॅडम. शाळेत दातांचं शिबिर आहे, तिथे फ्लोराईड जेल लावून घेऊ का?

दातांची डॉक्टर, सिंहगड रस्ता
घ्या, पण तोंडात ग्लास आयोनोमरचं दुसरं फिलिंग असेल तर तसं आधी सांगा. आम्लयुक्त जेलनं त्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो. न्यूट्रल (आम्ल नसलेलं) जेल किंवा फ्लोराईड वार्निश मागा.