काळ्या जोडीला पिवळं पिल्लू
"आई-बाप दोन्ही काळे, मग पिवळं पिल्लू कुठनं आलं? शेजारच्या कुत्र्याचं असणार," असं एका काळ्या लॅब्रॅडॉर जोडीच्या पिल्लाबद्दल कुणीतरी म्हटलंय. थांबा की राव! आमच्या कसबा बावड्यातल्या काळ्या लॅब्रॅडॉर जोडीलाही सातात दोन पिवळी झाली. काळा रंग केसात उतरायला 'ई' जनुकाची एक तरी चालू प्रत लागते. दोघांकडं एकेक बंद प्रत लपलेली असली, की आईकडनं एक, बापाकडनं एक अशा दोन्ही बंद मिळालेलं पिल्लू पिवळं. शक्यता चारात एक. नाक बघा त्याचं. काळं असेल तर काळ्या रंगाचं वेगळं जनुक आत शाबूत आहे, फक्त तो रंग केसांपर्यंत पोचत नाही. (थंडीत नाक फिकं पडतं, त्यावर जाऊ नका.) दोन पिवळ्यांना काळं झालं, तर मात्र शेजाऱ्याकडं बघायला हरकत नाही.