थायलंडमध्ये निवृत्तीनंतरचा दीर्घ मुक्काम : नियम नेमके काय आहेत?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) :
मी शासकीय सेवेतून निवृत्त झालो असून पत्नीसह वर्षातील बराच काळ चिआंग माई येथे राहण्याचा विचार आहे. बँकेत ८ लाख बाथ ठेवले की पुढे काहीच करावे लागत नाही, असे एक एजंट सांगतो. हे खरे आहे काय?

उत्तर १ :
नमस्कार काकाजी. नाही, ठेव ही केवळ सुरुवात आहे. वय ५० पूर्ण असावे लागते आणि ठेवीऐवजी दरमहा ६५,००० बाथ उत्पन्नही चालते. मात्र ठेवीच्या आधारे तिथे मुक्कामाला वर्षाची मुदतवाढ मागताना ती रक्कम अर्जाआधी दोन महिने खात्यात असावी लागते, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही, आणि त्यानंतरही शिल्लक ४ लाखांखाली जाऊ द्यायची नसते. शिवाय सलग मुक्कामात दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुदतवाढीवर असताना दिवाळीला नागपूरला यायचे झाल्यास निघण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना घ्या. तो नसेल तर देश सोडताक्षणी मुदतवाढ रद्द होते.

उत्तर २ :
भारतातूनच ‘ओ-ए’ (निवृत्तांसाठीचा दीर्घ मुक्कामाचा) व्हिसा काढणार असाल, तर पोलीस पडताळणी प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला आणि आरोग्य विमा लागतो. यातील पहिल्यासाठी नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो. विम्याची चौकशी मात्र आधी करा, कारण उतारवयात तोच सर्वांत महाग पडतो.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. पुनर्प्रवेशाची बाब एजंटाने सांगितलीच नव्हती.