थंडीत स्वतः गाडी चालवत किन्नौर-स्पिती-लडाख गेलेल्या नागपूरकरांनो, अनुभव लिहा

झिरोमाईल (धागाकर्ता)

मे-जूनमध्ये लडाख करून आलेले आपल्या इथं गल्लोगल्ली सापडतात, हा धागा त्यांच्यासाठी नाही. दिवाळी झाल्यापासून ते एप्रिलपर्यंत, म्हणजे हॉटेलं बंद, नळ गोठलेले, रस्ता आज आहे तर उद्या नाही, अशा दिवसांत ज्यांनी आपली एमएच ३१, ४० नाहीतर ४९ ची गाडी इथून स्वतः हाकत वर नेली त्यांनी लिहा. फोटो नकोत, बर्फाचे फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. काय बिघडलं, कुठं अडकलात, कुठून परत फिरलात ते सांगा.

सुरुवात मीच करतो. फेब्रुवारी, आम्ही तिघं मित्र, साधी पेट्रोल हॅचबॅक. शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असा रस्ता. हिवाळ्यात स्पितीत जायला हाच एक रस्ता उरतो, कारण मनालीकडचा कुंझुम ला (ला म्हणजे घाट) साडेचार हजार मीटरवर आहे, तो बर्फाखाली असतो. अटल टनेल २०२० पासून सुरू आहे, त्यानं तुम्ही लाहौलमध्ये जाल, स्पितीत नाही. हे आमच्यातल्या एकाला नारकंड्याला पोचल्यावर समजलं, तो परतीच्या मुक्कामाचे पैसे मनालीत भरून बसला होता.

ताबोला होमस्टे मिळाला. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, आत दिवे नाहीत, टॉर्चच्या उजेडात भिंतीवरची चित्रं पाहायची, ते सगळं झालं. रात्री बुखारीजवळ (लाकडाची शेगडी) बसून थुक्पा खाल्ला आणि झोपलो. सकाळी बाथरूममधल्या बादलीत पाणी काढायचा मग बर्फात उभा, दांडा धरून उचलला तर अख्खी बादली उचलल्या जाते. ठीक आहे म्हटलं, निघू. गाडी चालू झाली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, तर गाडी मागून बसल्यासारखी झाली आणि जागची हलेचना. रात्री सवयीनं हँडब्रेक ओढून ठेवला होता. आदल्या दिवशी नाल्यातून आलो होतो, चाकाच्या ब्रेक-ड्रममध्ये पाणी गेलं होतं, त्याचा बर्फ होऊन ब्रेक-शू आतून चिकटले. आम्ही घरमालकीणबाईंना गरम पाण्याची किटली मागितली तर त्या हसायलाच लागल्या. पाणी ओताल तर पाच मिनिटांत आणखी बर्फ होईल म्हणाल्या. त्यांच्या मुलानं लाकडाचा दांडा आणला, ड्रमवर चारी बाजूंनी हळूहळू ठोकत बसला, आणि आम्ही ऊन अंगणात यायची वाट पाहत. साडेदहाला ऊन चाकावर आलं, थोड्या वेळानं टक्क असा आवाज झाला, चाक सुटलं. तिथं सगळे गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाखाली दगड लावतात, हँडब्रेकला कोणी हात लावत नाही.

आणि मुख्य म्हणजे गाडी सावलीत लावली होती बे! नागपूरचा माणूस, ४५ डिग्रीत वाढलेला, पार्किंगला पोचला की आधी झाड शोधतो. तिथं सकाळचं ऊन कुठं पडेल ते पाहून, तोंड पूर्वेकडं करून गाडी लावतात. आपल्या अशा सगळ्याच सवयी तिथं उलट्या पडतात, पुढच्यांनी भर घाला.

तर्रीपोहे

भर घालतो. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं आणि थंडीत न गोठणारं रंगीत द्रव.

आपल्या इकडं उन्हाळ्यात गाडी तापली की रेडिएटरमध्ये काय टाकतात? पाणी. गॅरेजवालाही पाणीच टाकतो, आपणही बाटलीतलं टाकतो, आणि चालूनही जाते. चार उन्हाळे असे गेले की आत कूलंट नावालाच उरतं. मी डिसेंबरात कल्प्याला (रेकाँग पिओच्या वरचं गाव, जवळपास २९६० मीटर) गेलो, निघायच्या आधी गाडी एका गॅरेजला दाखवली होती, त्यानं सगळं ओके आहे साहेब म्हणून सांगितलं. कल्प्याला दुसऱ्या सकाळी गाडी चालू केली, दहा मिनिटांत टेम्परेचरचा काटा वर. बाहेर उणे नऊ आणि गाडी तापून राहिली, डोक्यात शिरेचना. बॉनेट उघडलं तर वरचा पाइप गरम आणि खालचा दगडासारखा टणक, आत बर्फ. कूलंट फिरतच नव्हतं. नशीब चांगलं म्हणून लगेच बंद केली, नाहीतर पाण्याचा बर्फ होताना फुगतो आणि रेडिएटर काय, इंजिनचा ब्लॉकही फोडतो. दुपारपर्यंत उन्हात ठेवली, मग पिओला उतरवून सगळं काढून नवीन कूलंट भरलं.

काच पुसायच्या टाकीतही नुसतं पाणी ठेवू नका. समोरून ट्रकनं चिखल उडवला आणि मी फवारा मारायला गेलो तर फक्त मोटारची घरघर.

फुटाळ्याचा गारवा

वरच्या दोघांची पेट्रोल गाडी दिसते म्हणून सुटले. माझी डिझेल. साधं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं, गाडी चालू होते आणि दोन मिनिटांत फिल्टर तुंबून बंद पडते. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं ते यासाठीच. म्हणून वर चढताना खालचं डिझेल टाकीत शक्य तितकं कमी ठेवायचं आणि वरच्याच पंपावर भरायचं. ट्रकवाले टाकीखाली परातीत जाळ करतात, ते पाहून मला घाम फुटला, पण त्यांचं रोजचं आहे. नवीन गाड्यांत रॉकेल मिसळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, इंजेक्टरचं बिल बघून जीव जाईल.

स्पितीवाल्यांनी पिओखाली पोवारीला टाकी फुल करूनच पुढं जायचं, मी गेलो तेव्हा त्यानंतर थेट काझाचाच पंप होता.

रामटेकचा शेतकरी

मी पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलं तर समजून घ्या. पोराची कार घेऊन जानेवारीत गेलो होतो, मी, पोरगा, सूनबाई. नारकंड्याच्या चढावर बर्फ लागला. पोरानं साखळ्या आणल्या होत्या दिल्लीहून, पण लावता येत नव्हत्या. मी म्हटलं सरक बाजूला, तीस वर्षं ट्रॅक्टर हाकला, चिखलात साखळ्या लावल्या, मले नको शिकवू. लावल्या मागच्या दोन्ही चाकाले. एक तास गेला, बोटं सुन्न झाली. गाडी चालू केली तर समोरची चाकं गरगर फिरतात आणि गाडी जागेवरच, मग हळूच आडवी व्हायले लागली.

मागून तिथल्या सरकारी बसचा ड्रायव्हर उतरला, बिडी विझवली आणि शांतपणे विचारलं, चाचाजी, इसका इंजन कौनसा पहिया घुमाता है? सूनबाई आधी हसली, मग पोरगा. आमच्या कारचं इंजिन पुढची चाकं फिरवते, ट्रॅक्टरचं मागची. काढल्या, पुढं लावल्या, त्यानंच लावून दिल्या दहा मिनिटांत. पैसे घेतले नाही, संत्री दिली चार, ती घेतली. साखळ्या घरी अंगणात दोनदा लावून-काढून पाहा, आणि बर्फ संपला की लगेच काढा, डांबरावर टायर अन् साखळी दोन्ही जातात.

घरी अजून कोणी मले ट्रॅक्टरवाले चाचाजीच म्हणतात.

धरमपेठची सून

तुम्ही सगळे बर्फाचंच सांगताय, मला तर बर्फापेक्षा मैदानात जास्त भीती वाटली. कामठीरोडनं निघालं की तोच ४४ नंबरचा हायवे सरळ श्रीनगरपर्यंत जातो, त्यामुळं नागपूरकराला वाटतं काय, सुतासारखा रस्ता आहे. पेंचच्या पट्ट्यात जनावरांसाठी खालून वाटा ठेवलेले ते लांब पूल, सिवनी, सागर, झाशी, एकदम मस्त. पहिला मुक्काम झाशी. आणि मग आपली ठरलेली सवय, ऊन चढायच्या आत पल्ला मारू म्हणून पहाटे ४ ला निघालो. ग्वाल्हेरच्या पुढं धुकं असं उतरलं की बॉनेटचं टोक दिसेना. नवरा गाडी चालवत होता, मी काच खाली करून रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी पाहून सांगत होते, सासूबाई मागं रामरक्षा म्हणत होत्या. लोकं चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावून चालतात, मग समोरचा उभा आहे की चालतोय की वळतोय काहीच कळत नाही. ऊस भरलेली ट्रॉली विना लाइटची, आमच्यापासून असेल एक हातभर, नवऱ्यानं कशी काढली त्याचं त्यालाच माहीत. पुढच्या ढाब्यावर थांबलो ते साडेदहापर्यंत हललोच नाही. डिसेंबर-जानेवारीत झाशी ते अंबाला सकाळी दहाच्या आधी रस्त्यावर यायचंच नाही हे त्या दिवशी ठरवलं.

किन्नौर मात्र सासूबाईंना फार आवडलं. सफरचंदाच्या बागा पार उघड्या झालेल्या, बायका उन्हात बसून लोकर कातत होत्या, कल्प्याहून समोर किन्नर कैलास. सासूबाई त्यांच्यात जाऊन बसल्या, भाषा एकमेकींची समजत नव्हती, दोन तास गप्पा चालल्या. मी गेले तेव्हा दोघी-तिघी मिळून गुडघेदुखीवर बोलत होत्या बहुतेक, कारण सगळ्यांचे हात गुडघ्यावर.

तर्रीपोहे

@धरमपेठची सून, काकूंची तब्येत बरी होती ना उंचीवर? नागपूर ३१० मीटरवर, माझे वडील नाकोला (३६०० च्या वर) रात्रभर डोकं धरून बसले होते.

धरमपेठची सून

आम्ही कल्प्याच्या वर नेलंच नाही त्यांना. दोन रात्री सराहन, तीन रात्री कल्पा आणि परत. नवऱ्याला काझा करायचं होतं, तो तीन दिवस तोंड फुगवून होता.

वाडीवाला

लडाखचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. मार्चअखेर, श्रीनगरहून लडाखला जातानाचा झोजी ला नुकताच उघडला होता. ३५२८ मीटर म्हणजे लडाखच्या बाकी घाटांपुढं ठेंगणाच, पण बर्फ तिथंच जास्त साचतो. सोनमर्गला चार दिवस थांबलो. एक दिवस इकडून गाड्या सोडत, दुसऱ्या दिवशी तिकडून, आणि रात्री हिमवर्षाव झाला की दोन्ही बंद. साखळ्या नसतील तर पुढं सोडत नव्हते. आता सोनमर्गपर्यंतचा बोगदा २०२५ च्या जानेवारीत सुरू झालाय, सोनमर्गला बारमाही पोचाल, पण झोजीचा बोगदा व्हायचाय अजून, तोवर तीच रांग.

रांगेत काय झालं ते सांगतो. बाहेर बर्फ पडून राहिला, आम्ही काचा बंद करून, इंजिन चालू, हीटर चालू, जुनी गाणी. बायको म्हणाली डोकं जड झालं, मी म्हटलं उंचीमुळं. तेवढ्यात एका जवानानं काच वाजवली, खाली उतरवलं आणि मागं नेऊन दाखवलं. सायलेन्सरच्या तोंडापर्यंत बर्फ साचला होता. धूर बाहेर जायला जागा नाही की तो गाडीत शिरतो, त्यातल्या विषारी वायूला वास येत नाही, झोप येते आणि माणूस उठत नाही. त्यानं बुटानंच बर्फ बाजूला केला आणि पुढच्या गाडीकडं निघून गेला, मी आभार मानेपर्यंत दोन गाड्या पुढं होता. नंतर दर पंधरा मिनिटांनी फावडं घेऊन उतरत होतो.

बाकी फुटकळ: बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर-लडाखात चालत नाही, पोस्टपेड घ्या. बाहेरून भाड्यानं घेतलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी लडाखात फिरवू देत नाहीत, स्वतःचीच न्या.

झिरोमाईल

काळ्या बर्फाचं राहिलं ना. उन्हाळ्यात सगळे सांगतात नाले सकाळी लवकर पार करा, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. हिवाळ्यात हे पण उलटं. नाल्याचं पाणी रात्री रस्त्यावरच गोठतं, डांबर ओलं दिसतं फक्त, आणि असतो आरसा. सावलीतल्या वळणावर हमखास. आम्ही अकराच्या आधी निघत नव्हतो आणि चारला गाडी उभी. दिवसाला ६०-७० किलोमीटर झाले तरी खूप. उतारावर पहिला-दुसरा गिअर, ब्रेकला पाय लावायचा नाही. फोर बाय फोरवाल्यांनी जास्त उड्या मारू नयेत, चढायला कामाची आहे ती, थांबायला सगळ्याच गाड्या सारख्याच घसरतात.

ऑफिसातून चोरून

मी ऑगस्टात गेलो होतो, तोही ऑफ-सीझनच ना? खोली निम्म्या पैशात मिळाली.

झिरोमाईल

नको रे बाबा. २०२१ च्या ऑगस्टात निगुलसरीला किन्नौरच्या याच हायवेवर दरड आली, बस सापडली, २८ माणसं गेली. थंडीत निदान डोंगर गोठून जागेवर असतो. खोली स्वस्त म्हणून पावसाळ्यात किन्नौर, हा सौदा मला तरी पटत नाही. आणि हिवाळा स्वस्त पडतो हेही खरं नाही, लाकडाचे पैसे वेगळे, अडकलेले दिवस वेगळे.

फुटाळ्याचा गारवा

अडकलेल्या दिवसांचं बोललात म्हणून, मी सुमडोच्या (किन्नौर-स्पितीच्या सीमेवर) अलीकडून परत फिरलो. ११ दिवसांची रजा, त्यातले ३ गाडीनं जाण्यात, ३ येण्यात, २ बर्फात गेले. साहेबाला फोन करून दोन दिवस वाढवून मागायचे तर नेटवर्क नाही. काझा ७०-७५ किलोमीटर राहिलं होतं. लोकं विचारतात, बघितलं काय मग? चांगोमध्ये एका आजोबांकडं दोन दिवस पत्ते खेळलो. हरलो.

पहिल्यांदाच जातोय

सगळा धागा वाचला. २ फेब्रुवारीला निघून राहिलो, मी आणि भाऊ, पेट्रोल गाडी, कल्पा नक्की, पुढचं तिथं गेल्यावर. रजा १६ दिवस मिळाली. काल साखळ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये लावून पाहिल्या, वॉचमन विचारत होता साहेब चोरीची भीती आहे का. आज कूलंट बदलायला गेलो. मी म्हटलं जुनं माझ्यासमोर काढा. त्यानं खालचं बूच उघडलं आणि बादलीत जे पडलं ना, त्याला हिरवा नाही, गुलाबी नाही, काहीच रंग नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मग त्यानं त्याच पाण्यानं समोरच्या बाइकची चाकं धुतली.