मारवाडी घोडी घ्यायचीय, महिन्याचा खरा खर्च किती येतो? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय पण विषय पैशाचा आहे म्हणून सगळं सांगून टाकतो. मी करवीर तालुक्यातला, नोकरी एमआयडीसीत, घरचा दीड एकर ऊस आन् दोन म्हशी. आज्जा सांगायचा की त्याचा बाप दसऱ्याला घोड्यावरनं कोल्हापुरात यायचा, खरं-खोटं देव जाणे, पण ते डोक्यात बसलंय ते बसलंयच.

मागच्या डिसेंबरात दत्तजयंतीला दोस्तांबरोबर सारंगखेड्याच्या (नंदुरबार जिल्हा) घोडेबाजाराला गेलो, नुसतं बघायला. तिथं एक कुमैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी बघितली, चार दाती, कानाची टोकं एकमेकाला टेकलेली, रेवाल चाल अशी की वरच्या माणसाच्या हातातला चहा सांडणार नाही. सांगितले साडेतीन लाख. मग रुमालाखाली बोटं धरून तीन लाख दहा हजारावर आला. वर म्हणतो मानेवर देवमण (शुभ मानलेला केसांचा भोवरा) आहे म्हणून ही किंमत, नायतर चाळीस हजार कमीच केले असते. आन् गाभण आहे असंही म्हणाला. मी काय घेतली नाही, पण त्याच माणसाचा परवा फोन आला, घोडी अजून आहे म्हणून. तेव्हापासनं झोप नाही.

माझा हिशोब असा, चुकत असेल तर सांगा. भरडलेला हरभरा, जव, गव्हाचा कोंडा मिळून रोजचे दीडशे म्हणजे महिन्याला साडेचार हजार, कडबा आन् लसूणघास तीन हजार, दर दीड महिन्याला नालबंद हजारभर. उसाचं वाडं (हिरवे शेंडे) घरचंच, ते फुकट धरलंय. खरारा मी सकाळी करीन, पण माझी शिफ्ट फिरती, वडील अडुसष्टचे, म्हणजे गडी ठेवला तर वर बारा हजार. बायको म्हणते एवढ्यात सेकंडहँड गाडी येते. ज्यांनी खरंच पाळलीय त्यांनी सांगा, काय सुटलंय माझं?

---

टापवाला: भावा, देवमण, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) असल्या शुभ खुणांचे पैसे विकणारा घेतो, घोडी काय त्याच्यामुळं जास्त पळत नाही. ज्याची श्रद्धा आहे त्यानं द्यावेत. तू कागद बघ. मारवाडी हॉर्स सोसायटीचं रजिस्ट्रेशन आणि मायक्रोचिप असेल तर बोलायचं, नसेल तर नुसत्या कानावर मारवाडी म्हणायचं नाही, कान काठियावाडीचेही तसेच वळलेले असतात. गाभण म्हणतोय तर डॉक्टरकडून तपासून घे, घोडीचे अकरा महिने असतात, तोवर तो फोन उचलणार नाही. आणि ग्लँडर्सचा रक्ताचा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नको. तो रोग निघाला तर जनावर मारावंच लागतं, माणसालाही लागतो तो.

खुरापासून_सुरुवात: वाडं फुकट धरलंय तिथंच चुकलास. म्हशीचं पोट वेगळं, घोडीचं वेगळं. वाड्यात ऑक्झॅलेट असतं, रोज घातलं की कॅल्शियम खातं, हाडं बिघडतात. साडेतीनशे-चारशे किलोच्या घोडीला दिवसाला सात-आठ किलो सुका आहार लागतो, त्यात जास्त भाग गवत-कडब्याचा पाहिजे, दाणा कमी. आपल्याकडं हौसेनं दाणा वाढवतात आन् मग पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, आत गेलं ते गेलं, रात्री दोनला घोडी लोळायला लागली की दीडशे रुपयांच्या हिशोबाला काय अर्थ राहत नाही. गावचे डॉक्टर गाई-म्हशीत पक्के असतात, घोड्याला हात लावायला बरेच जण कचरतात. म्हणून आधी डॉक्टर शोध, मग घोडी. आपला पाऊस तुला माहितीच आहे, जमीन ओली राहिली की खूर कुजतात. तबेल्याला उंच जोतं आणि कोरडं अंथरूण हा खर्च तुझ्या यादीत नाहीच.

पंचगंगाकाठ: नदीकाठचं गाव असेल तर २०१९ चा महापूर आठवा. आम्ही म्हशी कुठं हलवल्या ते आमचं आम्हाला माहिती, त्यात घोडी असती तर? बिथरलेलं जनावर ट्रॉलीत चढत नाही. दुसरं, मारवाडीच का? आपल्या दख्खनची भीमथडी आहे, धनगरांच्या पाठीमागं ओझं घेऊन चालणारी, आता तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता पण मिळालीय. उंचीला कमी, पण काटक, आन् किमतीत तुझा तबेला बांधून होईल.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. घर नदीपासनं लांब आहे, ती काळजी नाही. वाड्याचं वाचून वडलांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे खाणार म्हशीच्या दुप्पट, आन् दूध शून्य." बायको लई हसली. भीमथडीचं डोक्यात नव्हतं, आता मन दोन्हीकडं ओढतंय. सारंगखेडवाल्याला सांगितलं, रिपोर्ट आणि रजिस्ट्रेशनचा फोटो पाठव. दोन दिवस झाले, घोडीचेच फोटो पाठवतोय. कागल-गडहिंग्लज बाजूला घोड्याचं काम केलेला डॉक्टर कुणाला माहिती असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, आणि भीमथडी कुणी पाळली असेल त्यांनी रविवारी बघायला येऊ देता का?